सूक्ष्मपत्रांचे अंकीकरण

छापील वा टंकलिखित पृष्ठांची अतिलघू छायाचित्रे ज्या पारदर्शक फिल्मपत्रावर रांगांनी मांडलेली असतात, त्यास सूक्ष्मपत्र अथवा मायक्रोफिश म्हणतात. त्या प्रतिमांचे संगणकावर वाचता येतील अशा संचिकांत रूपांतर करणे म्हणजे अंकीकरण होय.

मँचेस्टरचे उपकरणनिर्माते जॉन बेंजामिन डान्सर यांनी १८३९ मध्ये सूक्ष्मछायाचित्रे तयार केली. फ्रान्समध्ये रने दाग्राँ यांनी १८५९ मध्ये सूक्ष्मफिल्मचे एकस्व मिळविले. १८७०–७१ च्या वेढ्यात पॅरिसला जाणारे संदेश त्यांच्या फिल्मवर कबुतरांकरवी धाडले गेले. ग्रंथाची पाने एका सपाट पत्रावर ओळीने मांडण्याची कल्पना रॉबेअर गोल्डश्मिट व पॉल ऑत्ले यांनी १९०६ मध्ये पुढे आणली. तिचा मोठा प्रसार मात्र १९६० नंतरच्या दशकात झाला. १०५ × १४८ मिमी. आकार, २४ पट लघुकरण आणि ७ ओळींत ९८ पृष्ठे हे प्रमाण पुढे रूढ झाले. टपालखर्च नगण्य, प्रत काढणे स्वस्त आणि जागा नाममात्र, यांमुळे ग्रंथालयांनी सूक्ष्मरूपे उत्साहाने स्वीकारली. कित्येकांनी तर चित्रण होताच मूळ वृत्तपत्रांचे गठ्ठे काढूनही टाकले. निकल्सन बेकर यांनी २००१ मध्ये या प्रथेवर कठोर टीका केली. ती एकांगी असली, तरी एक गोष्ट खरी की, मूळ कागद गेल्यावर फिल्मवरील पुसट अक्षर हाच एकमेव पुरावा उरतो.

अंकीकरणाचा खर्च समजण्यास थोडे गणित आवश्यक आहे. २४ पट लघुकरणात ए-४ पृष्ठ जेमतेम ९ × १२ मिमी. उरते. मूळ पृष्ठावर इंचास ३०० बिंदू हवे असल्यास फिल्मवर इंचास ७,२०० बिंदू टिपावे लागतात. २,४०० बिंदूंच्या मेजावरील स्कॅनरने पृष्ठामागे इंचास १०० बिंदूच मिळतात व बारीक टीपा वाचता येत नाहीत. अल्प खर्चाचा मार्ग म्हणजे समप्रकाशित पटलावर पत्र ठेवून निकटचित्रणाच्या भिंगाने छायाचित्र घेणे. २४ मेगापिक्सेलचा पूर्णाकार कॅमेरा १ : १ प्रमाणात एका चित्रात अनेक पृष्ठे टिपतो, पण इंचास सुमारे १७५ बिंदूंनीच, प्रतिमा दुप्पट मोठी घेतल्यास ते ३५० होतात आणि चित्रांची संख्या चौपट होते. पन्नास-साठ पत्रांना ही रीत पुरेशी आहे. हजारो पत्रांचा संग्रह असल्यास चित्रे कापणे, क्रम लावणे, नावे देणे व तपासणे यांची मजुरी यंत्रावरील बचत गिळून टाकते. प्रतीवरून प्रत काढताना दर पिढीस तपशील घटतो. म्हणून वितरणासाठी काढलेल्या डायझो प्रतीऐवजी जतन केलेली चांदीयुक्त मूळ प्रत मिळविणे, हीच खरी काटकसर. ॲसिटेट फिल्मला शिरक्यासारखा वास येऊ लागला असेल, तर त्या पत्रांचे काम आधी हाती घ्यावे लागते.

मोठ्या प्रमाणावरील उदाहरण म्हणून अमेरिकेतील एरिक या शैक्षणिक माहितीसेवेकडे पाहता येते. १९६६ पासून तिने संशोधन-अहवाल, परिषदांतील निबंध, अभ्यासक्रम असे बहुधा ग्रंथरूपाने कधीच न निघालेले साहित्य सूक्ष्मपत्रांवर देशभरच्या ग्रंथालयांना पुरविले. १९६६ ते १९९२ या काळातील सुमारे ३,४०,००० दस्तऐवजांच्या अंकीकरणाचा प्रकल्प २००६ ते २००९ मध्ये पार पडला. प्रत्येक दस्तऐवजास आधीच क्रमांक व सारांश होता, त्यामुळे सूचीकरणाचे निम्मे ओझे हलके झाले. अडचण आली ती हक्कांची. सूक्ष्मपत्रावर वितरणाची जुनी अनुमती संगणकीय प्रसारास पुरत नव्हती. लेखक वा संस्था शोधून नवी अनुमती घ्यावी लागली, आणि जेथे ती मिळाली नाही तेथे पूर्ण पाठ खुला झाला नाही.

दुसरी अडचण ऑगस्ट २०१२ मध्ये उघड झाली. काही जुन्या दस्तऐवजांत व्यक्तींचे सामाजिक सुरक्षा क्रमांक आढळले. वाचनयंत्राखाली एकेक पान सरकवणाऱ्या वाचकाच्या ते क्वचितच नजरेस पडले असते; शोधयंत्राला मात्र ते क्षणात सापडण्याजोगे होते. पूर्ण पाठाच्या संचिका बंद करण्यात आल्या आणि तपासणी होईल तसतशा टप्प्याटप्प्याने पुन्हा खुल्या झाल्या. दरम्यान ज्या ग्रंथालयांनी आपले सूक्ष्मपत्रांचे कप्पे व वाचनयंत्रे मोडीत काढली नव्हती, तेथे तेच दस्तऐवज पूर्वीप्रमाणे वाचता येत होते.