पेण–रोह्याच्या घाटवाटा

पेण आणि रोहा हे रायगड जिल्ह्याचे दोन तालुके खाडी आणि सह्याद्री यांच्यामधल्या पट्ट्यात वसले आहेत. पेणला भोगावती, नागोठण्याला अंबा आणि रोह्याला कुंडलिका अशा तीन नद्या या पट्ट्यातून पश्चिमेकडे उतरतात. भरतीचे पाणी जेथवर आत चढे तेथवर पडाव येत. तेथून पुढे माल वाहायचा तो बैलाच्या नाहीतर माणसाच्या पाठीवरून. पूर्वेला सह्याद्रीचा कडा उभा, आणि त्याच्या वर देश. कड्याच्या खाचाखोचांतून वर जाणाऱ्या वाटेला घाट म्हणतात. तीच वाट ओढ्याच्या घळीतून दगडधोंड्यांवरून चढत असेल तर तिला नाळ म्हणतात. आज सुट्टीच्या दिवशी पाठीला सॅक लावून एखादे जोडपे दोन-तीन दिवस या रानात हिंडते, ते याच वाटांनी.

या वाटांचे वय लेण्यांवरून कळते. रोह्याच्या दक्षिणेला, आताच्या तळा तालुक्यात, कुडे येथे बौद्ध लेण्यांचा समूह आहे. तेथील दानलेखांत मांदाड परिसरावर सत्ता असलेल्या महाभोजांच्या घराण्याबरोबर वैद्य, माळी आणि व्यापारीही भेटतात. त्यांत करहाकडचा, म्हणजे आजच्या कऱ्हाडचा, एक लोखंडाचा व्यापारी आहे. कऱ्हाड देशावर आणि कुडे खाडीकाठी, तेव्हा हा माणूस किंवा त्याचा माल सह्याद्री ओलांडूनच आला असणार. याच समूहातील सहाव्या लेण्यात ओसरीच्या मागच्या भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. आणखी एका लेखात ब्राह्मण उपासकाच्या पत्नीने चैत्यगृहाचे दान दिल्याची नोंद आहे. घाटाच्या पायथ्याशी पालीजवळ ठाणाळे आणि खडसांबळे ही लेणी आहेत. तीही अशाच चढाच्या तोंडाशी, पांथस्थाने रात्र काढावी अशा जागी खोदलेली आहेत.

मध्ययुगात या प्रदेशाचे मोठे बंदर म्हणजे कुंडलिकेच्या मुखाशी असलेले चौल. अहमदनगरच्या निजामशाहीला समुद्राकडे जाण्याचा मार्ग येथूनच होता. नागोठण्याला अंबा नदीवर एक जुना दगडी पूल आहे. जुन्या गॅझेटियरप्रमाणे तो १५८० च्या सुमारास चौलच्या काझी अलाउद्दीनने बांधला. पूल इतका अरुंद आहे की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला थांबावे लागेल. पण तो गाड्यांसाठी बांधलाच नव्हता. एकामागून एक चालणारी जनावरे, पायदळ आणि डोक्यावर ओझे घेतलेली माणसे यांच्यासाठी एवढी रुंदी पुरेशी होती.

वर जाणाऱ्या मालात सर्वांत महत्त्वाचे होते मीठ. पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांतले मीठ अंतोऱ्याच्या बंदरावरून आणि पेणच्या बाजारातून घाटाकडे निघे. ते नेत लमाण-वंजारी. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी गोणी लोंबती सोडायची आणि शेकडो बैलांचा तांडा करून चालायचे, ही त्यांची रीत. उतरताना त्याच गोणींत देशावरचे धान्य येई. तांड्यात बायका, मुले, भांडीकुंडी असा सगळा संसार चालत असे. नवराबायकोने बरोबरीने डोंगर चढणे ही तेथे रोजच्या पोटापाण्याची गोष्ट होती. सुधागडाच्या परिसरातून तैलबैलाकडे चढणाऱ्या एका वाटेला आजही सवाष्णीचा घाट म्हणतात. नावामागच्या कथा काहीही असोत, ते नाव एका बाईचे आहे, आणि बाया या कड्यावरून ये-जा करीत होत्या हे त्यातून ठळक दिसते.

वाट आली की जकात आली, आणि जकात आली की किल्ला. पेणच्या पूर्वेचा सांकशी, महालमिऱ्या डोंगराजवळचा मिरगड, रोह्याजवळचा अवचितगड, खांबजवळचा सुरगड आणि दक्षिणेचा घोसाळगड हे सारे किल्ले कमी उंचीचे असले तरी नेमके वाटांवर नजर ठेवणारे आहेत. सांकशी आणि त्याच्या उत्तरेचा कर्नाळा यांच्यासाठी १५४० मध्ये गुजरातचे सरदार, निजामशहा आणि पोर्तुगीज यांच्यात ओढाताण झाली. शेवटी वाढीव खंडणी घेऊन पोर्तुगीजांनी दोन्ही किल्ले निजामशहाला देऊन टाकले. १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी जे १२ किल्ले आपल्याकडे ठेवले, त्यांत घोसाळगड होता. २३ किल्ले सोडावे लागत असताना हा लहानसा गड हातचा जाऊ दिला नाही, यावरून रोह्याच्या खाडीवरच्या पहाऱ्याची किंमत कळते.

वाट माहीत नसणाऱ्याचे या रानात काय होते, हे त्याआधी चार वर्षे दिसले होते. २ फेब्रुवारी १६६१ ला मोगल सरदार कारतलबखान लोणावळ्याजवळचा कुरवंडे घाट उतरून कोकणात निघाला आणि पेणच्या पूर्वेला उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या फौजेच्या कोंडीत अडकला. पुढून आणि मागून वाट बंद झाली, दोन्ही बाजूंना दाट रान आणि प्यायला पाणी नाही. खानाच्या सैन्यात माहूरची सरदारीण रायबागन होती. तिच्या सल्ल्याने खानाने शरण येऊन जीव वाचवला, असे शिवभारत सांगते. मोठ्या फौजेला नडली ती वाटेची आणि पाण्याची माहिती. आजही या डोंगरांत माणसे संकटात सापडतात ती बहुधा याच दोन कारणांनी.

अवचितगडावर शके १७१८, म्हणजे इ. स. १७९६ चा शिलालेख आहे. पेशवाईच्या अखेरीपर्यंत गडावर राबता होता, याची ती खूण. १८१८ मध्ये इंग्रजांच्या कर्नल प्रॉथरने कर्नाळ्यापासून रायगडापर्यंतचे किल्ले काही महिन्यांत घेतले, त्यांत अवचितगड आणि घोसाळगडही गेले. गड रिकामे झाले, तरी वाटा काही वर्षे चालत्या राहिल्या. त्यांना खरा धक्का बसला तो रस्त्यामुळे. १८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता सुरू झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी चढली आणि तांड्यांचे काम संपले. काही वाटांची वरची टोके तर १९२० च्या दशकात मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेली. त्या धरणाचे पाणी वीज निर्माण करून भिऱ्याला खाली येते आणि कुंडलिकेत मिसळते.

यानंतरही वाटा बुजल्या नाहीत, कारण त्यांवर राहणारी माणसे होती. ठाकूर, कातकरी आणि धनगर यांच्या वाड्या डोंगराच्या पदरावर आहेत. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्याची दळी, खैरापासून कात काढणे, लाकूडफाटा, मध आणि करवंदे यांवर त्यांचे जगणे चाले. १८७८ च्या वनकायद्याने रान सरकारजमा झाले, आणि दळीची जमीन कसणाऱ्याची राहिली नाही, वनखात्याची झाली. मग कातकरी कुटुंबे कोळसाभट्टीवर आणि वीटभट्टीवर जाऊ लागली. तेथे मजूर एकटा धरला जात नाही, नवराबायकोची जोडी धरली जाते. पावसाळ्यात तिला उचल दिली जाते आणि सुगीनंतर ती जोडी अंथरूण, भांडी आणि लेकरू घेऊन वाडी सोडते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या कर्जाने माणूस बांधून ठेवण्याची रीत त्यानंतरही टिकली. दळीच्या जमिनींवरचा हक्क २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मागता येऊ लागला, तोही वर्षानुवर्षे कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून.

हौसेने डोंगर चढण्याची चाल या मानाने कालपरवाची. मुंबईत १९५४ मध्ये गिरिविहार ही संस्था निघाली. गो. नी. दांडेकरांनी आपल्या लेखनातून मराठी घरांत गडांची ओढ निर्माण केली. स्वतः गावोगाव पायी फिरलेला हा लेखक मुलाबाळांसकट गडावर जाण्याचा आग्रह धरी, आणि त्यामुळे गड हे बायकांनीही जायचे ठिकाण आहे ही गोष्ट मध्यमवर्गात रुजली. १९८६ मध्ये रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि दिव्याहून निघालेला माणूस सकाळीच अवचितगडाच्या पायथ्याशी पोहोचू लागला. पिंगळसई, मेढे किंवा पडम यांपैकी कोणत्याही गावातून सागाच्या रानातून वर चढता येते. माथ्यावर पाण्याची खोदीव टाकी आणि बारा कोनांचा तलाव आहे. सुरगडाची वाट घेरासुरगडातून जाते. मिरगडाची पायथ्याच्या शेडाशीहून निघते. पेण तालुक्यातच गागोदे आहे. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भावे तेथे जन्मले, आणि पुढे १९५१ पासून तेरा वर्षे भूदानासाठी देशभर चालले. चालण्याचा विषय निघाला की पेणकरांनी हे नाव अभिमानाने घ्यावेच.

दोघांनीच जायचे तर या डोंगरांत काही गोष्टी जुन्या प्रवाशांसारख्याच पाळाव्या लागतात. पावसाळ्यात नाळेने चढणे जिवावरचे आहे, कारण वर पडलेला पाऊस काही वेळातच घळीतून लोंढ्याने उतरतो. मार्चनंतर पाण्याचे ओढे आटतात आणि टाक्यांतल्या पाण्याचा भरवसा धरता येत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. गवत पुरुषभर वाढलेले असते तेव्हा ढोरवाट कोणती आणि घाटवाट कोणती हे वाडीतल्या माणसालाच कळते. म्हणून वाटाड्या घ्यावा, त्याची मजुरी आधी ठरवावी आणि पुरी द्यावी.

याच ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुमारास, वाड्या रिकाम्या होऊ लागतात. शहरातले जोडपे सॅक घेऊन डोंगर चढत असते, तेव्हा वाडीतले जोडपे डोक्यावर बोचके घेऊन त्याच वाटेने भट्टीकडे उतरत असते. पेण–रोह्याच्या घाटवाटांचा इतिहास लिहिताना पहिला मान उतरणाऱ्या जोडप्याचा आहे. गाडीरस्ता झाल्यानंतरही या वाटा पायांखाली राहिल्या, त्या त्यांच्यामुळे.