देवांना खाती कोणी वाटून दिली?

प्राचीन देवमंडळ म्हणजे देवांचं मंत्रिमंडळ, हा समज शाळेच्या पुस्तकातूनच पक्का होतो. झ्यूसकडे वीज, पोसायडनकडे समुद्र, आपल्या इंद्राकडे पाऊस. मग याच तक्त्यात ग्रामदेवताही कोंबल्या जातात: सातेरी म्हणजे दुर्गा, रवळनाथ म्हणजे भैरव, वेताळ शिवाचा गण आणि उरलेले सगळे 'क्षुद्र' म्हणून तळाला. तक्ता सुटसुटीत आहे खरा, पण गोव्यातल्या म्हापशाच्या आसपासचे देव त्यात मावत नाहीत.

शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई या सख्ख्या बहिणी. एकूण सात, भाऊ खेतोबा. एकदोन नावं सांगणाऱ्यागणिक बदलतात, पण म्हापशाच्या मिराबाईचं नाव सहसा गळत नाही. मिराबाई म्हणजे म्हापशाच्या इगर्जीतली, म्हणजे चर्चमधली, मिलाग्रिस सायबीण. आता यांची खाती सांगा! केळबाईची म्हणून ओळखली जाणारी जुनी शिल्पं पाहून मूर्तिशास्त्राचा अभ्यासक म्हणेल, दोन्ही बाजूंनी हत्ती अभिषेक करताहेत, म्हणजे ही गजलक्ष्मी. शिल्पापुरतं ते बरोबरच आहे. पण धनाचं खातं तिच्या नावावर टाकल्याने ती लईराईची बहीण का, याचा उलगडा होत नाही. लईराईच्या होमकुंडाचंही तसंच. अग्नी हे तिचं खातं नव्हे. एका कथेप्रमाणे रागाच्या भरात तिने भावाला लाथ मारली आणि त्याचं प्रायश्चित्त म्हणून ती निखाऱ्यांवरून चालली. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, निखारे तुडवतात, त्यामागे घरातलं भांडण आहे.

या बहिणींतच गणल्या जाणाऱ्या शितळाईचं काय, असं कोणी विचारेल. देवी-गोवराशी तिचा संबंध उघड आहे. देवांना कामं नसतात असं माझं म्हणणंच नाही. कामावरून त्यांचं आपसातलं नातं ठरत नाही, एवढाच मुद्दा आहे.

इतिहासाने या नात्याची परीक्षाही घेतली. म्हापसा ज्यात येतं त्या बार्देशातली देवळं 16व्या शतकात पाडली गेली, म्हापशाची इगर्ज 1594 ची. लईराई, केळबाई, महामाया आणि मोरजाई यांची गावं ज्यांत येतात ते डिचोली आणि पेडणे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेले ते थेट 1780 च्या दशकात, आणि तिथली देवळं टिकली. म्हणजे जवळपास दोनशे वर्षं बहिणींच्या मधून राज्याची सीमा जात होती. तरी लईराईकडून सायबिणीच्या फेस्ताला तेल आणि इगर्जीतून लईराईला मोगरीची फुलं, हा प्रघात सांगितला जातो. याला पर्यटनाच्या पत्रकांत 'धार्मिक सलोखा' म्हणतात. मला ते गुळमुळीत वाटतं. देवळं पाडणाऱ्यांच्या मनात सलोखा नव्हता, आणि देवाणघेवाण करणाऱ्यांनी कुठला धर्मसिद्धान्त जुळवला नाही. बहिणीकडे जे पाठवायचं ते पाठवलं.

हा गोव्यापुरता अपवाद म्हणावा, तर ग्रीसकडेच पाहू. ऑलिंपसचे बारा देव कोणते, यावर ग्रीकांचंही एकमत नव्हतं. कुठे हेस्तिया, कुठे डायोनिसस. पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवर डायोनिसस बसलेला आहे, हेस्तियाला जागा नाही. शिकारीची देवी म्हणून पाठ केलेली आर्टेमिस इफिससला गेली की शहराची थोर स्वामिनी होते. मार्दुक बाबिलोनचा, म्हणून बाबिलोनच्या सृष्टिकथेचा नायक; तीच कथा अश्शुरियात सांगताना नायकाच्या जागी अश्शुर येतो. खातं तेच, देव बदलला, कारण गाव बदललं.

आता परत गोव्यात येऊन पेडण्यातलं गाऱ्हाणं ऐका. नारळ ठेवून देवांना हाक मारली जाते ती ठिकाणाच्या आणि मानाच्या क्रमाने: स्थळाचा देव, गावचा मूळपुरुष मानलेला पूर्वस, सीमेवरचा राखणदार; प्रत्येक मागण्यावर मंडळी 'होय महाराजा' म्हणतात. देवस्थानांचे तंटे मामलेदाराकडे आणि कोर्टात जातात. ते पालखीला पहिला खांदा कोणाचा, ओटी आधी कोणी भरायची यावरून. पाऊस कोणत्या देवाच्या अखत्यारीत येतो, यावर अजून कोणी दावा लावलेला ऐकला नाही.