बिबट्या पाल : आहार व पचन
यूब्लेफॅरिस प्रजातीतील निशाचर, कीटकभक्षी सरडावर्गीय प्राणी. यूब्लेफॅरिस फस्कस ही जाती महाराष्ट्रातील कोरड्या, खडकाळ भागांत आढळते. विषारी समजून लोक तिला उगाच मारतात. जगभर पाळली जाते ती एडवर्ड ब्लाइथने १८५४ मध्ये वर्णिलेली मॅक्युलॅरियस.

रानात ती कीटक, कोळी, विंचू, प्रसंगी लहान पालीही खाते. वनस्पतिज अन्न तिला पचत नाही. जादा चरबी शेपटीत साठते, म्हणून जाडजूड शेपूट हे सुस्थितीचे लक्षण. शेपटी झपाट्याने बारीक झाली, तर क्रिप्टोस्पोरिडियम या आतड्यातील परजीवीचा संशय घ्यावा.

पचन पोटाखालच्या उबेवर अवलंबून असते. पाळीव पालीला सुमारे ३२° से. तापमानाची उबदार जागा लागते. कोल्हापूरच्या पौष-माघातील गार रात्री ती न मिळाल्यास अन्न पोटातच रेंगाळते. रातकिड्यांत फॉस्फरस जास्त, कॅल्शियम कमी. ते आधी पालेभाज्यांवर पोसून, कॅल्शियमची भुकटी लावून देतात, अन्यथा हाडे मऊ पडतात. भक्ष्य डोळ्यांमधील अंतराहून मोठे नसावे. पिंजऱ्यातील सुटी वाळू गिळली गेल्यास आतडे तुंबू शकते. दिसायला वाळू शोभते, पण कागद बरा.