दाराची किल्ली कुणाच्या हाती?

परदेशी माणसाला देशात येऊ द्यायचे की नाही, हे कोणी ठरवायचे? राज्यप्रमुखाने की लोकप्रतिनिधींनी? अमेरिकेच्या इतिहासात या प्रश्नाचे सरळ उत्तर सापडत नाही.

१९१७ साली अमेरिकन संसदेने आशियातल्या फार मोठ्या प्रदेशातील लोकांना दार बंद केले. त्यात हिंदुस्थानही होता. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी, साक्षरतेच्या अटीवर आक्षेप घेऊन का होईना, नकाराधिकार वापरला होता. संसदेने तो मोडून काढला. १९४६ साली भारतीयांसाठी दार किलकिले झाले, तेही वर्षाला अवघ्या १०० जणांपुरते. १९५२ च्या कायद्याला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा विरोध होता. तोही संसदेने जुमानला नाही.

त्याच कायद्यात संसदेने आपल्या हातातली किल्ली राष्ट्राध्यक्षांकडे दिली. ज्यांचा प्रवेश देशहिताला बाधक वाटेल अशा परदेशी लोकांच्या कोणत्याही वर्गाला ते हवा तितका काळ रोखू शकत होते. १९६५ साली दुसरे कलम आले: स्थलांतराचा व्हिसा देताना वंश, राष्ट्रीयत्व वा जन्मस्थान यांवरून भेदभाव नको. धर्माचा उल्लेख मात्र त्यात नव्हता.

मुसलमानांना सरसकट प्रवेशबंदी करावी, अशी मागणी ट्रम्प यांनी डिसेंबर २०१५ मध्ये प्रचारात केली होती. सत्तेवर येताच, जानेवारी २०१७ मध्ये, त्यांनी सात मुस्लिमबहुल देशांच्या नागरिकांना रोखले. न्यायालयांनी अडवल्यावर आदेश दोनदा बदलला. तिसरा आदेश जून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवला. १९६५ चे कलम व्हिसा देण्यापुरतेच आहे, प्रवेश रोखण्याच्या अधिकाराला ते बांधत नाही, असे बहुमताचे म्हणणे पडले.

मग उपाय उरला तो कायदा बदलण्याचा. धर्मावरून भेदभाव नको, बंदीला ठोस आधार हवा, ४८ तासांत संसदेला माहिती द्यावी, असे विधेयक कनिष्ठ सभागृहाने २०२० आणि २०२१ मध्ये मंजूर केले. सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. बायडेन यांनी २० जानेवारी २०२१ रोजी बंदी उठवली, पण कलम तसेच राहिले. जून २०२५ मध्ये ट्रम्प यांनी त्याच कलमाच्या आधारे १२ देशांवर जवळपास पूर्ण बंदी घातली.

एका सहीने मिळालेला हक्क दुसऱ्या सहीने जातो. तो टिकवायचा तर कायद्यातच लिहावा लागतो. आणि कायदा करणारेही दार लावू शकतात, याची साक्ष १९१७ साल देते.