पांढरीचं घर

मराठवाड्यातल्या गावाच्या दोन माती असतात, काळी आणि पांढरी. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे गावठाण. जुन्या कागदपत्रांतही गावाची हीच वाटणी दिसते. माळवदाची, म्हणजे दगडी भिंतींच्या आणि सपाट मातीच्या छपराच्या घराची कुळकथा सांगायची, तर दगडाआधी या पांढरीपाशी जावं लागतं.

पांढरी माणसांनी घडवलेली माती आहे. एकाच जागी पिढ्यान्‌पिढ्या घरं उठली, पडली, त्यांच्यावर नवी उभी राहिली. भिंतींचा चिखल, चुलीतली राख, शेणाचं सारवण असं सगळं मुरून ती तयार झाली. म्हणूनच पांढरीचं टेकाड दिसलं की पुरातत्त्वज्ञ थांबतात. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजच्या सांकलिया-ढवळीकरांना साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांचे अवशेष मिळाले. मराठवाड्यातल्या तेर गावी पावसानं टेकाडं धुपली की सातवाहनकाळातले मणी, मातीच्या मूर्ती वर येत. रामलिंगप्पा लामतुरे यांनी त्या वस्तू वेचून जपल्या; तिथलं वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावानं आहे.

घराच्या छपरावर टाकायलाही हीच पांढरी लागे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. छपरावर तिचा उपयोग नाही. पांढरी चोपली की घट्ट बसते, पाणी फारसं आत घेत नाही. थोडक्यात, आजच्या घराच्या डोक्यावर कालच्या घरांची माती असे. मला या बांधणीतलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

माळवद मोजायचं ते खणांत; खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. घर किती मोठं, असं विचारलं की उत्तर ‘पाच खणांचं’, ‘सात खणांचं’ असं येई. लाकडी खांब, त्यावर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि फळ्या, वर पालापाचोळा आणि मग मातीचा जाड थर. पाऊस बेताचा आणि ऊन रणरणतं, अशा मुलखात हे सपाट छप्पर शोभून दिसतं. दुपारी आत गारवा. वर ज्वारी, मिरच्या वाळत पडलेल्या. रात्री अंथरुणं वरच.

भिंती काळ्या बेसाल्टच्या, दोन ते चार फूट जाड. पडक्या घराचा तुटलेला कोपरा नीट बघा. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, आणि मधे चिपा व चिखलाची भर. दोन्ही पदरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड अधूनमधून हवा. घडीव दगडाच्या चांगल्या वाड्यांत तो दिसतो. गरिबाच्या घराला मात्र रानातले गोटेच मिळाले आणि आरपार दगड राहून गेला. ही पहिली चूक.

दुसरी चूक छपरावर होत होती. दर उन्हाळ्याच्या अखेरीस, पाऊस तोंडावर आला की गळती थांबवायला माळवदावर नवी पांढरी पसरून चोपायची. जुनी खरवडायची तसदी कोणी घेईना. वर्षानुवर्षं थर चढत गेला, कुठे कुठे दोन फुटांपर्यंत.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे, चारला काही मिनिटं कमी असताना, मराठवाड्यातल्या किल्लारीची जमीन भूकंपानं हादरली. भिंतींचे पदर सुटून आत-बाहेर कोसळले, वरची माती झोपलेल्यांवर आली. जवळजवळ दहा हजार माणसं गेली. पण अनेक ठिकाणी लाकडी सांगाडा तसाच उभा राहिला होता. सुताराचं काम टिकलं, भिंत मात्र टिकली नाही. तरीही त्यानंतर सगळा दोष ‘दगड-मातीचं घर’ या एका शब्दावर गेला, आणि चांगल्या, धड उभ्या असलेल्या माळवदांनाही लोक भिऊ लागले.

हा निवाडा मला मान्य नाही. भूकंपानंतर अभियंत्यांनी उभ्या घरांसाठी जे उपाय सांगितले, ते साधे होते: छपरावरची माती आठ इंचांच्या आसपास आणायची, आणि भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई घालून काँक्रीट भरायचं. राहून गेलेला आरपार दगडच तो, नव्या रूपात.

तुमच्या गावी माळवद उभं असेल तर यंदा पावसाआधी वर चढा, मातीचा थर किती झालाय ते मोजा, आणि नवी पांढरी टाकण्याआधी जुनी खरवडून खाली उतरवा.