शिवी आणि फिर्याद

राजसत्ता ज्या शब्दांवर आज भुंवया चढविते, तेच शब्द उद्यां तिला जपून ठेवावे लागतात. १९८८ सालीं लॉस एंजेलिसनजीकच्या कॉम्प्टन शहरांतील एन्.डब्ल्यू.ए. या कृष्णवर्णी तरुणांच्या संचानें पोलिसांचा धिक्कार करणारें एक रॅप-गीत काढलें. त्याची भाषा शिवराळ आहे, हें आम्ही झांकूं इच्छित नाहीं. परंतु त्याची रचना खटल्याची आहे: न्यायाधीश गायक, साक्षीदारही गायक, आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत पोलीस. केवळ त्वचेचा रंग पाहून आम्हांस अडवितात, झडती घेतात, ही फिर्याद.

१९८९ सालीं एफ्.बी.आय. या मध्यवर्ती तपासखात्याच्या एका अधिकाऱ्यानें मुद्रिका विकणाऱ्या कंपनीस नापसंतीचें पत्र धाडिलें. आदल्या वर्षीं ७८ पोलीस कर्तव्य बजावतांना मारले गेले, याचें स्मरण त्यांत होतें. तें दुःख खरें होतें. पण फिर्यादीस तें उत्तर नव्हतें. १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीमुळें बंदी घालणें सोपें नव्हतें; तरी एवढ्या बलाढ्य खात्याची नाराजी म्हणजे धाकच.

१९९१ सालीं रॉडनी किंग या कृष्णवर्णीयास पोलिसांनीं केलेली मारहाण चित्रफितीमुळें जगानें पाहिली. पुढील वर्षीं खऱ्या न्यायालयांत ज्यूरीनें चौघां पोलिसांस जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केलें, आणि लॉस एंजेलिस पेटलें. पन्नासांहून अधिक जीव गेले. २०१७ सालीं लायब्ररी ऑफ काँग्रेस या राष्ट्रीय ग्रंथालयानें हें गीत असलेला संग्रह जतनार्थ निवडला.

शिवी कानांस टोंचते, म्हणून तिच्यामागची फिर्याद ऐकावयाची नाहीं, असें ठरविणाऱ्या समाजास ती पुढें आगीच्या भाषेंत ऐकावी लागते.