नॉटपेड पाकिटांची साक्ष

मी इतिहासाचा पदवीधर नव्हे. अंबडच्या कारखान्यांतील कामगारांची गाऱ्हाणी लिहिता लिहिता मला जुन्या कागदांचा नाद लागला. आज मी राजेरजवाड्यांचे खलिते नव्हे, तर 'नॉटपेड' पाकिटे तुमच्यापुढे ठेवणार आहे.

१ ऑक्टोबर १८५४ पासून आपल्याकडे पत्राचा दर अंतरावर न ठरता वजनावर ठरू लागला. पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात नाशकाहून कलकत्त्यालाही जाई. मात्र तिकीट नसेल, तर घेणाऱ्याला दुप्पट भरावे लागे. तिकीट अपुरे असेल, तर तुटीची दुप्पट. ही रक्कम टपालखात्याचा नोकर शिक्क्याने किंवा शाईने पाकिटावर मांडी.

आता हा आकडा वाचायचा कसा? समजा, एका हलक्या पत्रावर 'एक आणा' येणे दाखविले आहे. टपालाचा शिक्का १९२० सालचा असेल, तर तेव्हाचा दर अर्धा आणा; म्हणजे पत्र तिकिटाविनाच टाकलेले. शिक्का १९२५ चा असेल, तर दर एक आणा झालेला. म्हणजे कोणी जुन्या सवयीने अर्ध्या आण्याचेच तिकीट लावले होते. आकडा एकच, पण पहिला माणूस पैशावाचून अडलेला असू शकतो आणि दुसरा नुसता बेसावध. म्हणून आधी तारीख पाहावी, मग दर, मग वजन, आणि आकडा शेवटी.

परदेशच्या पाकिटावर 'टी' हे अक्षर दिसते. ते 'टॅक्स' या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर. जागतिक टपालसंघाची भाषा फ्रेंच आणि हिंदुस्थान १८७६ साली त्या संघात गेला, म्हणून ते अक्षर येथवर आले.

मात्र आकडा म्हणजे पावती नव्हे. १८९८ च्या टपाल कायद्याप्रमाणे पत्र न उघडता तत्काळ परत केले, तर घेणाऱ्यावर बोजा नसे. तो पाठविणाऱ्यावर उलटे. त्या कायद्याची जागा आता २०२३ च्या कायद्याने घेतली आहे. तेव्हा पाकीट फोडलेले आहे की नाही, हेही पाहावे.

एक घरची गोष्ट सांगतो. माझे वडील मुंबईत गिरणी कामगार होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तेव्हा आम्ही गावी होतो. मला तिकिटे जमविण्याचे वेड. तिकिटे छापणारा कारखाना आपल्या नाशिकरोडला, त्याचाही अभिमान! वडिलांच्या पत्रांची तिकिटे मी कापून, पाण्यात भिजवून काढली आणि पाकिटे फेकून दिली. आज त्यांची तीनच पाकिटे धड उरली आहेत. तिन्ही संपाच्या दिवसांतली, तिन्ही नॉटपेड. कापण्याजोगे तिकीटच त्यांवर नव्हते, म्हणून ती वाचली.

तिन्ही पाकिटे फोडलेली आहेत. म्हणजे आईने तिन्ही वेळा दुप्पट भरली. ते पैसे तिने कोठून आणले, हे पाकीट सांगत नाही. आणि मी तिला विचारले नाही.

ज्याच्यापाशी आज आठ आणे नाहीत, त्याच्या माणसांकडून उद्या रुपया घ्यावा, हा हिशेब कामगाराला टपालाबाहेरही ठाऊक आहे. घरी जुनी पाकिटे असतील, तर तिकिटासाठी कात्री लावू नका. एवढेच माझे मागणे.